दुसऱ्याच्या हातची भाकरी

मावशींनी आमच्या निरवांगीच्या अंगणवाडीत बावीस वर्षं मदतनीस म्हणून काढली आणि तेवढ्या वर्षांत एकदाही परगावी मुक्काम केला नाही. लेकीच्या बाळंतपणाला बारामतीला गेल्या, तरी संध्याकाळच्या एसटीने घरी. कारण एकच. त्यांचे मालक, तात्या, दुसऱ्या कुणाच्या हातची भाकरी खात नसत. गावाला याचं केवढं कौतुक. ‘काय जीव आहे बघा एकमेकांवर,’ असं बायका म्हणायच्या. मी सेविका म्हणून नवीन लागले तेव्हा मीही म्हणाले होते. आता स्वतःच्याच तोंडाचा राग येतो.

दर गुरुवारी खिचडी शिजेपर्यंत मावशी परातीत ज्वारीचं पीठ घ्यायच्या आणि पोरांना भोवती बसवायच्या. कोमट पाण्यात मळायचं, मुठीत मावेल एवढा गोळा करायचा आणि त्याची चानकी थापायची, म्हणजे तळहाताएवढी भाकरी. तव्याजवळ कुणी फिरकायचं नाही, भाजणं त्यांच्याकडे. पीठ नाकाला, कानाला, भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यालाही लागायचं. परात आधी मुलग्यांपुढे जायची. मी एकदा विचारलं, “मावशी, मुलींना मागं का ठेवता?”

“पोरींना घरीबी शिकवत्यात, बाई. ह्यो गडी हितं न्हाय शिकला तर कुठं शिकंल?” समोर साडेतीन वर्षांचा गडी शेंबूड ओढत गोळा चापटत होता.

दुसरा नियम पोरांना अजिबात पटायचा नाही. आपण थापलेली चानकी आपण खायची नाही, ती शेजारच्याच्या ताटात. एक जण तर आपली चानकी छातीशी धरून भोकाड पसरायचा. मावशी एकेक बोट सोडवायच्या. “तुझी तिला, तिची तुला. रडून काय पोट भरत न्हाय.” एकदा सुपरवायझर मॅडम आल्या आणि वही उघडून म्हणाल्या, “यातून मुलं नेमकं काय शिकतात?” मावशींनी बोटावर मोजलं, “गोल, मोठं, बारकं, गरम, गार. आन दुसऱ्याच्या हातचं खायला.” मॅडमनी पहिले पाच शब्द लिहून घेतले.

माझंही काही फार वेगळं नव्हतं. मला नर्सिंगला जायचं होतं. सासरी ठरलं की नोकरी करायची तर उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या एका खोलीत, जाळीच्या खिडकीपाशी, आम्ही दोघी दिवसभर डाळ निवडत आणि रजिस्टरं भरत बसायचो. मनातलं बोलायला मला तेवढ्या एकच होत्या.

मग मावशींनी निवडलेल्या डाळीत खडे निघायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची तर लवकर ऑपरेशन, आणि तीन-चार दिवस तिथंच राहायचं. मावशींनी दोनदा तारीख पुढं ढकलली. एकदा तात्यांचा खोकला, एकदा असंच काहीतरी. तिसऱ्यांदा मी भांडले. “आंधळ्या व्हाल. तात्यांचं मी बघते.” एसटीत बसवूनच परत आले.

तात्यांना मी भाकरी आणि पिठलं नेलं. तात्या शांत माणूस, आवाज कधी चढला नाही. बाजेवरून म्हणाले, “ठेव बाळा. ती आली की खाईन.” संध्याकाळी ताट तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळचंही तसंच. नुसता चहा घेत होते. ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण त्या शांतपणापुढं माझा धीर सुटला आणि दुपारी मी बारामतीला फोन लावला. “मावशी, तात्यांनी अजून घास घेतला नाही.” पलीकडून नुसतं “बरं” आलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मावशी आदल्याच संध्याकाळी एसटीने गावात परत आल्या.

मी तरातरा त्यांच्या घरी गेले. “दोन दिवस उपाशी राहिलं म्हणून माणूस मरतो का?”

“मरत न्हाय. मला ठावं हाय,” मावशी थापता थापता म्हणाल्या. तात्यांनी अडीच भाकरी खाल्ल्या आणि पाणी मागितलं.

नवी तारीख लांबची मिळाली आणि ती आली तोवर राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. अंदाजाने थापतात, बोटं पोळलेली असतात. मी रविवारी जाऊन बसते. मागच्या रविवारी मला राहवलं नाही. म्हटलं, “मावशी, मी तो फोन करायला नको होता.”

“तुमचा काय दोष न्हाय, बाई,” त्या म्हणाल्या. “मी सकाळपासनं फोन उशाला घिऊन बसले हुते. पिशवीबी भरल्याली. तुमचा न्हाय आला असता तर मीच लावला असता.”

माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून बोलल्या असतील. ते उतरलं नाही, उलट मला रडू आलं. मी म्हटलं, चला, अंगणवाडीपर्यंत तरी चालून येऊ, मी हात धरते. त्या पदर सावरून उठल्यासुद्धा. मग थांबल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, “मालक, जाऊ का वो?”