जादाची गोळी

"हे काय आहे, सांगशील सगळ्यांना?"

मॅनेजरनं माझ्या गोळ्यांची पट्टी उंच धरली. व्हाइटफील्डचं ऑफिस. काचेची मीटिंग रूम. आठ माणसं. चार्जर काढताना पट्टी माझ्या बॅगेतून पडली. त्यानं उचलली, पण मला दिली नाही.

"निपाणीची ना तू? तंबाखूचं गाव. नशा रक्तातच असणार."

दोघं हसले. बाकीच्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

माझी आई विड्या वळायची. हे मीच त्याला सांगितलं होतं. तो पुण्याचा. इथं या कानडी शहरात कुणीतरी मराठी बोलणारं भेटलं म्हणून मी हरखले होते. गोळ्यांचंही मीच सांगितलं.

शाळेत मला एका जागी बसवत नसे. "हिच्या अंगात वारं शिरलंय," म्हणत बाई वर्गाबाहेर उभं करायच्या. एकतिसाव्या वर्षी मल्लेश्वरमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, एडीएचडी आहे. सकाळी एक गोळी. त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा एक पान न उठता वाचलं. घळाघळा रडले.

मग प्रोजेक्ट अंगावर आलं. मॅनेजर म्हणाला, "आज दोन घे ना. उद्या डिलिव्हरी आहे." घेतल्या. मग रोज दोन. मग तीन. छाती धडधडायची. घास उतरेना. गोळी नसली की मी नुसता दगड. पट्टी वेळेआधी संपली तेव्हा डॉक्टरबाईंशी खोटं बोलले, "हरवली, मॅडम." दुसरी चिठ्ठी घेतली. हे मी केलं. माझ्या हातानं.

त्या दिवशी मीटिंगमध्ये ते हात थरथरत होते.

"बघा, बघा हात," तो म्हणाला.

तिथं काहीतरी तुटलं. मी उठले. पट्टी त्याच्या बोटांतून ओढून घेतली.

"हे माझं औषध आहे, सर. जादा घ्यायला तुम्ही सांगितलंत. आणि मागच्या महिन्यात दोन गोळ्या माझ्याकडून तुम्हीच मागून घेतल्यात. त्या कुठल्या गावच्या रक्तासाठी?"

बॅग उचलली आणि बाहेर पडले.

तशीच मेट्रोत बसले, मल्लेश्वरमला गेले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. खोटंसुद्धा. बाई हुबळीच्या, मराठी अडखळत बोलतात. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठरवून दिलं तेवढं घेतलं तर हे औषध तुम्हाला सांभाळतं. मनानं वाढवलं की व्यसनाकडे नेतं. दोन्ही खरं. आता माझ्या नजरेखाली घ्यायचं. स्वल्प वेळ लागेल."

वेळ लागला. वाईट गेला.

मॅनेजरविरुद्ध लेखी तक्रार दिली. ऑफिसनं दोनदा बोलावून समजावलं, "मागे घे. तुझंच नाव खराब होईल."

होऊ दे. चुकले ते मी माझ्या तोंडानं सांगीन. कुणाच्या डिलिव्हरीसाठी अर्धी गोळीही जादा घेणार नाही, कुणाला देणार नाही. आणि तक्रारीतला एक शब्दही खोडणार नाही.