ब्राझीलचा पाऊस

माजलगावच्या मोंढ्यात सोयाबीन विकायला गेले होते. वजनाला नंबर लागेपर्यंत चहा उरकून घेत होते, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने उपरण्याला हात पुसत विचारलं, "ताई, मोबाइलात बघा बरं, ब्राझीलात पाऊस पडला का? पयलं आडत्या अमेरिकेचं नाव सांगायचा. आता म्हनतो, ब्राझीलात पिकलं की हितं भाव पडतो."

"नाही बाबा, तिथं दुष्काळ पडलाय."

"लई बेस!" त्याने मांडीवर थाप मारली. हात तिथंच राहिला.

"बीडचा मानूस मी, ताई. अन् दुष्काळाला बेस म्हनलो?"

त्याने चहा तसाच ठेवला.

दुपारी भाव खरंच चढला. तो आपल्या पोत्यांपाशी मान खाली घालून उभा होता. मनासारखा भाव मिळूनही इतका खजील झालेला माणूस मी मोंढ्यात पुन्हा पाहिला नाही.