राखणदारासमोर सांगितलेला भाव

काजूचा हंगाम लागला की सत्यभामाकाकी पहिल्या दिवशी भाजायला बसत नसे. नारळ आणि विडा घेऊन ती डोंगराच्या पायथ्याशी राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, दगडापाशी जायची आणि हात जोडून यंदाचा भाव सांगायची. "बा राखणदारा, औंदा माझ्या काजूचो भाव हो इतको. पुढल्या हंगामापर्यंत हेच्यात वर-खाल करूची बुद्धी माका दी नको." मग परत येऊन चूल पेटवायची. आमच्या कोरगावात राखणदाराला गाऱ्हाणं सगळेच घालतात, कुणी पोराच्या नोकरीसाठी, कुणी गाईसाठी. भाव सांगणारी काकी एकटीच.

ती आमची शेजारीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. देवस्थानचा काजूचा डोंगर ती दर हंगामाला पावणीत, म्हणजे लिलावात, बोली लावून घ्यायची. विक्रीतून जे उरे ते पुढच्या बोलीला. तो डोंगर आपल्या हाती राहावा, याखेरीज तिचं देवाकडे काही मागणं नव्हतं. प्रत्येक पुडीत ती एक न भाजलेली बी टाकायची. "इतके खातलो, एक तरी रुजवूंदे." कुणी घासाघीस करू लागलं की म्हणायची, "दर सांगलंय तेव्हाच तो तुझो झालो. आता माझ्याकडे काय मागतंस?"

मांद्र्याला भाड्यानं राहणाऱ्या निखिलला तिचे काजू फार आवडले. तो पुण्याचा, कॉम्प्युटरवर काम करणारा. त्यानं तिच्यासाठी ऑनलाइन दुकान काढलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून दोघांच्या मधे बोलायला आणि पार्सलांवर पत्ते लिहायला मला बोलावलं. दुकानात भाव रुपयांत दिसे, युरोत दिसे, रूबलमध्ये दिसे आणि सगळ्यांत खाली क्रिप्टोतल्या एका नाण्यात. काकी बघत असतानाच खालचा आकडा बदलला.

"हो हलता कित्याक?"

"नाण्याचा दर बाजारात बदलतो, म्हणून इथलाही बदलतो," निखिल म्हणाला. "तुमचे रुपये तेवढेच राहतात." मी ते तिला आमच्या बोलीत सांगितलं.

"म्हणजे गिराईक चाय पिऊन परत इला तर तेका दुसरो भाव? आमच्या दुकानार असा नको. थांबव तेका."

निखिल हसला. त्यानं चारही आकडे बांधून टाकले. दुसऱ्या दिवशी काकी राखणदारापाशी गेली. रुपये, युरो, रूबल तिनं नीट सांगितले. नाण्याशी मात्र अडखळली. "शून्य, मगे टिंब, मगे परत शून्य... बा, पुढचा ह्या चेडवाक विचार." मी हसू दाबत उरलेला आकडा सांगितला.

सुरुवातीला मजा होती. परदेशी पत्ता वाचला की ती विचारायची, "ह्यो गाव विमानातून दिसता काय गो?" नाण्यात पैसे आले की निखिल त्या दिवसाच्या दरानं त्याचे रुपये करून तिच्या बँकेत टाकी.

मग ते नाणं पडलं. आधी निम्म्यावर आलं, नंतर त्याहून खाली. आमचा आकडा बांधलेलाच होता, तेव्हा नाण्यात पैसे देणाऱ्याला काजू जवळपास फुकट पडू लागले. ऑर्डरींचा पाऊस लागला. काकी दिवसभर धुरात बसायची आणि बँकेत चुलीच्या लाकडांपुरतेही येत नव्हते.

"काकी, ता नाण्याचा बंद करूया," मी म्हटलं.

"रुपयाचो भाव सांगलंय, तसोच तो पण सांगलंय."

"राखणदाराक क्रिप्टो कळणा नाय गो."

"माका तरी खंय कळता? पण सांगलंय मां."

मी निखिलकडे गेले. तो म्हणाला, "आकडे बांधायला त्यांनीच सांगितलं होतं ना?" खरं होतं. मी परत येऊन पत्ते लिहायला बसले. बहुतेक पार्सलं आता मोप्याच्या विमानतळाजवळच्या एका गोदामाच्या पत्त्यावर जात होती. काकीला बरंच वाटलं. "लांब पाठवचो खर्च वाचता."

पुढच्या हंगामाच्या पावणीच्या दिवशी तिची बोली लवकर थांबली. एका हॉटेलवाल्याच्या माणसानं डोंगर घेतला. काकी पदर सावरून देवळाबाहेर आली आणि चप्पल शोधत राहिली. ती तिच्या पायातच होती.

त्यानंतर ती बहिणीकडे मयेला गेली आणि डिचोलीच्या एका कारखान्यात रोजावर काजू सोलू लागली. मी मोप्याच्या रस्त्यावरच्या दुकानांत सुट्टीतलं काम शोधत होते. तिथे एका दुकानात काजूचा देखणा डबा दिसला. मागं बारीक अक्षरांत निखिलचं नाव. डबा घेतला, बसमध्ये उघडला. काजूंच्या मधे न भाजलेली एक बी होती. गोदाम कुणाचं, ते तेव्हा समजलं.

डबा घेऊन मी मयेला गेले. काकीची बोटं काजूच्या टरफलांच्या चिकानं काळी झाली होती. तिनं डब्यावरची किमतीची चिठ्ठी नखानं सोडवली. खाली दुसरी किंमत निघाली, तिच्याखाली तिसरी.

"हेंचो राखणदार खंयचो गो?"

मी गोदामाचं सगळं सांगितलं. तिनं चिठ्ठ्या परत डब्यावर दाबून बसवल्या. मग म्हणाली, "आकडो तोच दिल्यान मां तेणी? मी सांगललंय तोच?"

"हो, तोच."

"मगे तेणी काय चुकवल्यान नाय."

तिनं त्याला एकदा तरी शिवी द्यावी, म्हणून मी तशीच बसून होते. कॉलेजात आम्हाला शिकवतात की किंमत मागणी-पुरवठ्यावर ठरते. परीक्षेत मीही तसंच लिहिते.

निघताना तिनं ती बी माझ्या हातात ठेवली. "माका आता डोंगर नाय. तू लाय खंय तरी."

आमच्या घराभोवती काजू लावण्याएवढी जागा नाही. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या काकीला ते माहीत होतं.