राबावरची घोंगडी

तंबूत दोघांची जागा होती आणि आम्ही दोघंच होतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायला जीभ रेटणार नाही.

मे महिन्यात वडिलांना घेऊन मी भंडारदऱ्याला निघालो. आई गेल्यापासून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खर्ड्याचं घर सोडलं नव्हतं. धरणाच्या उत्तर काठानं गाडीतून हिंडायचं आणि आवडेल तिथं तंबू ठोकायचा, असा माझा बेत. दादांना तो मुळीच पटला नव्हता. राजूरच्या बाजारात त्यांनी तांदळाचा भाव विचारला, तेवढीच काय ती हौस.

काठाचा रस्ता मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारा. मी दर वळणावर गाडी थांबवून "बघा तरी" म्हणायचो. ते खाली न उतरताच "बघितलं" म्हणायचे. संध्याकाळी एका उतरत्या शेताच्या वर तंबू लावायला घेतला, तर यांच्या सूचना सुरू. खुंटी तिरपी हाय. दोरी ढिली हाय. तोंड वाऱ्याकडं नको. जन्मभर जमीन कसलेला माणूस, त्याला हे कापडाचं घर म्हणजे पोरखेळ. शेवटी माझं डोकं फिरलं.

"मग पडा तुम्हाला पडायचंय तिथं!" मी ओरडलो.

दादांना कमी ऐकू येतं, पण हे बरोबर ऐकू आलं. घोंगडी उचलून ते खालच्या वाफ्यात गेले. तिथं शेण, फांद्या, पाला असं थरावर थर पसरलेलं होतं. "कुनीतरी खताला टाकलंय. गादीवानी हाय," म्हणाले. कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि डोक्यावरून घोंगडी ओढून घेतली. थंडी वाजली की येतील गुपचूप, असं म्हणून मी खुशाल झोपलो.

उजाडल्यावर चहासाठी पाणी आणायला काठावर गेलो. डबा भरून वळलो तर वाफ्याच्या कडेला एक म्हातारी बाई वाकलेली, हातात पेटती गोवरी. शेकोटी करत असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात कडेचा पाला भडकला.

ओरडलो असेन, पण आवाज फुटल्याचं आठवत नाही. डबा टाकून धावलो. घोंगडी पाल्याच्याच रंगाची. तिच्यावरून धूर चालला होता आणि आतला माणूस हलत नव्हता. खांद्याला धरून ओढलं तेव्हा घोंगडीचं टोक पेटलेलं होतं. दादा उठले ते माझ्यावरच डाफरत. मग त्यांना जाळ दिसला आणि ते मागं सरकले.

बाई मटकन खाली बसल्या. "आगं बया, मानूस हुतं व्हय!" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. जरा दम आल्यावर म्हणाल्या, "ह्यो राब हाय, बाबा. भाताचं रोप टाकाया जमीन भाजितो आमी. हितं कोन निजतं का?"

आमच्या कोरडवाहू भागात ना भात, ना राब. मातीतलं आपल्याला सगळं कळतं असं मानणारे माझे वडील "राब, राब" असं स्वतःशीच पुटपुटत होते. खिशातून काढताना यंत्र हातातून निसटून मातीत पडलं.

मी बाईंना हात जोडले, त्यांनी मला. मग त्यांची नजर वर तंबूकडं गेली.

"ह्ये तुमचं कोन?"

"वडील."

"अन् त्यात कोन निजलं हुतं?"

"मी."

"येकलेच? मग बापाला हितं का निजवलं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मातीत यंत्र चाचपणाऱ्या दादांनी मान वर केली. "काय म्हनत्यात त्या? मोठ्यानं सांग की."

त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो प्रश्न परत सांगणं माझ्यानं झालं नाही. मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर यंत्र शोधू लागलो.