पडद्यावरचा चौकड्यांचा फ्रॉक

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही सगळे फोकसराव म्हणतो. खरं नाव विचारलं तर आमच्या आईलाही क्षणभर आठवावं लागायचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जे सभागृह आहे, तिथला लॅपटॉप, प्रोजेक्टर, माईक, दिवे, सगळं त्यांच्या ताब्यात. व्याख्यान असो, शाळेचा बक्षीस समारंभ असो, कार्यक्रमाआधी रिकाम्या खुर्च्यांवरून त्यांचा आवाज घुमायचा, "फोकस येतोय का?" मागच्या रांगेत झाडू मारणाऱ्या बाई तिथूनच ओरडायच्या, "येतोय हो, पापण्या मोजून देऊ का?"

तसे ते आमच्याच गल्लीतले, माझ्याहून लहान. लग्नाआधी मला सरळ "अगं" म्हणायचे. जावई झाल्यावर "अहो ताई" सुरू झालं आणि मलाही त्यांना मान देणं आलं. धाकटीने मात्र असलं काही केलं नाही. तिचं त्यांच्याशी अरे-तुरेच राहिलं. लग्नात भाषणं चालली असताना माईक किंचाळायला लागला, तर हा नवरदेव खुर्ची सोडून वायर बघायला गेला. आई म्हणाली, "जावईबापू, बसा हो. वायर कुठे पळून जात नाही." बाबा म्हणाले, "वायर नाही जात, पण आपली मुलगी जाईल!" धाकटी हसून हसून लाल झाली होती.

त्यांच्या कामाचं वर्णन ते स्वतःच छान करायचे. पाहुणा आयत्या वेळी घाम पुसत यायचा आणि आपला लॅपटॉप पुढे करायचा. त्याचं भोक एका आकाराचं, केबलचं टोक भलत्याच. "ताई, पहिल्या भेटीत यांची तोंडं कधी जुळत नाहीत," ते म्हणायचे, "लग्नासारखंच आहे. मध्ये एक मध्यस्थ लागतो," आणि खिशातून बोटभर जोडणी काढून दाखवायचे. अशा मध्यस्थांनी त्यांचे खिसे कायम फुगलेले. धाकटी कपडे धुवायला घेताना खिसे उलटे करायची आणि म्हणायची, "लोकांच्या खिशात सुपारी निघते, आमच्याकडे ही लोखंडी झुरळं."

प्रोजेक्टर लावला की आधी एक चित्र टाकून बघावं लागतं. कुणी रेघारेघांचं टाकतात, कुणी रंगांच्या पट्ट्यांचं. फोकसराव बिट्टीचा फोटो टाकायचे. बिट्टी म्हणजे त्यांची मुलगी, एकुलती एक. घराच्या पायरीवर उभी, चौकड्यांचा फ्रॉक, दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला आणि त्याची जराही लाज नसलेलं हसू. हा फोटो कामाला किती सोयीचा आहे हे ते कुणालाही समजावून सांगत. फ्रॉकच्या चौकड्या एका बाजूला कलल्या की प्रोजेक्टर तिरका आहे. वेणीतून सुटलेला केस वेगळा दिसला की फोकस आला. आणि रिबीन काळी पडून तोंड हिरवट दिसायला लागलं, तर केबलची पिन वाकलीय, तांबडा रंग वाटेतच अडकलाय. "एकच खोट आहे," ते म्हणायचे, "फ्रॉकच्या खालच्या अंगाला ती फिकट आडवी रेघ. फोटो स्कॅन करताना आली असणार. ती सोडली तर चित्र नामी."

बिट्टीलाही कधीमधी ते सोबत न्यायचे. ती पडद्याजवळ जाऊन उभी राहायची आणि स्वतःच्याच बुटाला हात लावून बघायची. पडद्यावरचा बूट तिच्या कमरेला लागायचा. "बाबा, मी एवढी कधी होणार?" असं विचारायची.

बिट्टी दुसरीत असताना गेली. ताप आला आणि उतरलाच नाही. याहून जास्त मला लिहवत नाही.

धाकटीने नंतर घरातले फोटो एकेक करून उतरवले. भिंतीवरचा, कपाटाच्या दाराला चिकटवलेला, तिच्या पर्समधलासुद्धा. सगळे एका पेटीत घातले आणि ती पेटी आमच्याकडे आणून ठेवली. "ताई, तुझ्याकडे राहू दे. माझ्याने बघवणार नाही, आणि घरात असले तर बघितल्याशिवाय राहवणार नाही." फोकसरावांना ती एवढंच म्हणाली, "घरात एकही फोटो नको." त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्या दिवसापासून त्या घरात बिट्टीचं नाव निघालं नाही. दोघं एकमेकांना जपायची. तिने भाजीत मीठ जास्त घातलं तर ते गुपचूप खायचे. ते दिवा लावायला विसरले तर ती अंधारातच बसून राहायची. वाद नाही, तंटा नाही. वाद घालायलाही थोडं बोलावं लागतं.

सभागृहातला फोटोही त्यांनी काढला असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो त्यांनी काढला नव्हता. झाडूवाल्या बाईंना ते ठाऊक होतं. फोकसराव पूर्वीसारखंच विचारायचे, "फोकस येतोय का?" बाई आता पापण्यांचं बोलत नसत. "येतोय," एवढंच म्हणत आणि झाडू घेऊन जिन्यात जात.

अशी काही वर्षं गेली. मग आमच्या यांच्या निवृत्तीचा समारंभ त्याच सभागृहात ठरला. धाकटी कुठल्याच कार्यक्रमाला जात नसे, पण आपणहून म्हणाली, "भाऊजींचा समारंभ आहे, मी येणार." हे ऐकून फोकसरावांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. मला वाटलं, बायको पहिल्यांदाच कामावर बघायला येणार म्हणून दडपण आलं असेल.

त्या दिवशी ते सकाळीच सभागृहात गेले, फोटो टाकून सगळं तपासलं आणि फोटो बंद केला. पुन्हा उघडायचाच नाही असं ठरवून टाकलं. पण एक गोष्ट रोजच्या सवयीत त्यांना दिसेनाशी झाली होती. केबल जोडल्याबरोबर बिट्टी समोर यावी म्हणून तोच फोटो त्यांनी लॅपटॉपच्या मुख्य पडद्यावर, सगळ्या चित्रांच्या मागे, कायमचा बसवून ठेवला होता.

एरवी त्याने काही बिघडलं नसतं. लॅपटॉपवर जे दिसतं तेच भिंतीवरच्या पडद्यावर दिसावं, अशीच त्यांची रोजची मांडणी. पण यांच्या साहेबांना भाषण पाठ नव्हतं. ते पेन ड्राइव्ह पुढे करत म्हणाले, "माझी टिपणं मला एकट्याला दिसली पाहिजेत. लोकांना फक्त चित्रं. जमेल ना?"

"जमेल की, साहेब."

त्यासाठी दोन्ही पडदे वेगळे करावे लागतात. वेगळे केले की लॅपटॉपवर काहीही चाललेलं असो, चित्रं सुरू होईपर्यंत मोठ्या पडद्यावर फक्त मागचा फोटो राहतो. फोकसराव व्यासपीठावर उभे होते, पडद्याकडे पाठ, नजर लॅपटॉपवर. तिथे साहेबांचं पहिलं चित्र नीट दिसत होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे मान वर न करताच विचारलं, "दिसतंय का?"

"दिसतंय!" सभागृहातून आवाज आला.

"फोकस येतोय का?"

"एकदम स्पष्ट!"

पायरीवर उभी राहून बिट्टी हसत होती. भिंतभर.

मी धाकटीच्या शेजारी बसले होते. तिने माझा हात धरला नाही की काही नाही. फक्त श्वास आत घेतला आणि तो बाहेर सोडायचं राहून गेलं. व्यासपीठावर साहेब मागे वळून बघत म्हणाले, "अरे वा, ही गोड मुलगी कोण? आमच्या कार्यालयात तर अशी हसणारी कुणी नव्हती!" लोक हसले. त्यांना काय माहीत.

फोकसराव वळले. त्यांना एक कळ दाबून पडदा बदलता आला असता, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण त्यांनी केबलच हिसकली. पडदा निळा झाला. धाकटी उठली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने बाहेर गेली.

मी मागोमाग गेले तेव्हा ती जिन्याजवळच्या बाकावर बसली होती. थोड्या वेळाने तेही आले. हातात अजून ती केबल होती.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज नाही. कार्यक्रम असेल तेव्हा."

"म्हणजे रोज."

"तू म्हणालीस ना, एकही फोटो नको..."

"घरात म्हटलं होतं मी. घरात."

"तुला त्रास होईल म्हणून बोललो नाही."

"मला वाटत होतं, आपण दोघंही उपाशी आहोत," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तू उपाशी आहेस म्हणून मीही काढत होते दिवस. आणि तू इथे येऊन जेवून जात होतास. एकटा."

ते हातातली केबल गुंडाळत राहिले. आतून माईकवर कुणीतरी "हॅलो, हॅलो, अहो वायरवाले" म्हणत होतं. शेवटी मीच म्हटलं, "जा तुम्ही, आत खोळंबा झालाय." ते गेले आणि त्यांनी समारंभ पार पाडला. साहेबांची चित्रं एकामागून एक बरोबर आली. आमच्या यांच्या गळ्यात हार पडला. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही.

पुढे त्या घरात फारच शांत झालं. पूर्वीची शांतता जपण्याची होती, ही तशी नव्हती. ती ताट वाढून आतल्या खोलीत निघून जायची. एकदा ते माझ्याकडे येऊन गेले. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "काढला मी फोटो, ताई. आता रेघांचं चित्र टाकतो. कंपनीच देते ते. फोकस येतो त्याच्यावर, नाही येत असं नाही." जाताना चपला घालता घालता म्हणाले, "पण मी जेवत होतो हे तिचं बरोबर आहे. चोरून खाल्लेलं अंगी लागत नाही, एवढं तिला सांगा."

मी सांगितलं. धाकटी पोळपाट धूत होती. घासून झालेला पोळपाट तिने पुन्हा घासायला घेतला.

मग एका दुपारी ती माझ्या दारात उभी. "ताई, ती पेटी दे. आणि चप्पल घाल, तूही चल." पेटी उघडून सगळ्यात वरचा फोटो तिने घेतला, उलटा करून पर्समध्ये ठेवला.

सभागृहात संध्याकाळच्या व्याख्यानाची तयारी चालली होती. पडद्यावर काळ्यापांढऱ्या रेघा. आम्हाला बघून फोकसराव टेबलामागून उठले. धाकटी तिसऱ्या रांगेत जाऊन बसली.

"लाव," ती म्हणाली.

"काय लावू?"

"काय काय विचारतोस? लाव."

"काढून टाकला गं मी तो."

"मला नको शिकवूस. तू नि तो टाकणार!"

त्यांनी खाली मान घालून लॅपटॉप उघडला. फोटो होता, आत कुठेतरी होताच. पण घाईत केबल सुटली, आणि पुन्हा बसवताना रोज डोळे मिटून जोडणाऱ्या त्या हाताला टोक काही सापडेना. कशीबशी बसली तर पडद्यावर बिट्टीचं तोंड हिरवट आलं, रिबिनी काळ्या. धाकटीने तोंडावर पदर नेला. "थांब, थांब, पिन आहे," असं पुटपुटत त्यांनी टोक हळूच वाकवलं, आणि रिबिनींत लाल रंग आला. गालांतही आला.

झाडूवाल्या बाई मागे उभ्या होत्या. त्या या वेळी जिन्यात गेल्या नाहीत.

मग धाकटीने बोट वर केलं. "ती रेघ."

"ती स्कॅन करताना आलीय," फोकसराव म्हणाले. "फोटोतच आहे, माझ्याने निघत नाही."

"स्कॅनबिन काही नाही. शिवणीची आहे ती." ती पडद्याकडेच बघत होती. "आखूड झाला होता ना फ्रॉक. मी खालची दुमड उसवून लांब केला. जुनी घडी होती तिथला रंग उडाला होता, म्हणून तशी दिसते."

फोकसराव व्यासपीठावर चढले आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन त्या रेघेकडे पाहू लागले. इतकी वर्षं त्या फ्रॉकच्या चौकड्या मोजून मापून त्यांनी प्रोजेक्टर सरळ केला होता. त्यांची सावली फ्रॉकवर पडली.

"बाजूला हो," धाकटी म्हणाली, "दिसत नाही मला."

ते बाजूला सरले. बिट्टीचा बूट त्यांच्या मांडीशी आला होता.

"अजून एक दुमड ठेवली होती मी आत," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीला होईल म्हणून."

वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी दार किलकिलं केलं आणि ओरडून विचारलं, "माणसं जमलीत हो बाहेर, सोडू का आत?"

वेणीतून सुटलेला केसन्‌ केस वेगळा दिसत होता. फोकसराव पडद्याला टेकून उभे होते. उत्तर मागून बाईंनीच दिलं.

"थांबा जरा. अजून फोकस यायचाय."