लंकेच्या वाळूवरची वंदना

हे गेले आणि माझी वंदना बंद पडली. कऱ्हाटीच्या आमच्या विहारात पौर्णिमेला आणि घरी रोज संध्याकाळी हे पुढे म्हणायचे, मी मागून म्हणायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच चाललेलं. अंगणवाडीचं काम आटोपून मी घरी पोचेपर्यंत यांनी मेणबत्ती लावलेली असायची. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. मी आपली त्या आवाजाच्या मागे जात राहिले. ते गेल्यावर एकदा धीर करून मूर्तीपुढे बसले, तर तोंडातून शब्द फुटेना. सगळं पाठ होतं, पण पुढचा आवाजच नव्हता. त्यानंतर मी बसायचंच सोडलं. मनात एक शंका शिरली होती आणि ती कुणाजवळ बोलण्यासारखी नव्हती. इतकी वर्षं मी शरण कुणाला गेले होते? बुद्धाला, की यांच्या आवाजाला?

मुलगा संदेश बारामतीला असतो. कंपनीत नोकरी, सून प्रज्ञा नर्स, दोन मुली शाळेत. सुट्टीत श्रीलंकेला जायचं त्यांचं बरेच दिवस ठरत होतं. मला घरी सोडून जायला प्रज्ञा तयार होईना. "आई, तुमी एकट्या बसून राहणार आन् आमी तिकडं फिरणार, हे न्हाय पटत मला," म्हणाली. संदेश म्हणाला, "आपल्या धम्माचा देश हाय तो. तुला बरं वाटंल." पोरांचं मन मोडवेना म्हणून गेले.

पण सहल पोरींच्या आवडीची होती. एक दिवस रबराच्या होडीतून खळाळत्या नदीत उतरायचं, दुसऱ्या दिवशी उघड्या जीपमधून हत्ती बघायला जायचं, मग एक उभा डोंगर चढायचा. नारिंगी जाकिटं घालून चौघं ओरडत, हसत पाण्यात शिरायची आणि मी काठावर त्यांच्या चपला, टॉवेल, पिशव्या सांभाळत बसायचे. तक्रार नव्हती. सगळे माझ्याशी मायेनं वागत होते. मुली परत आल्या की दोघी एकदम सांगत सुटायच्या, आणि ऐकताना मला वाटायचं, हे सगळं मी आज रात्री कुणाला सांगणार? सांगायचं माणूसच उरलं नव्हतं. नारळाची एवढी झाडं, निळं पाणी, सगळं डोळ्यांना दिसत होतं, आत काही उतरत नव्हतं.

परतायचं जवळ आलं तेव्हा दक्षिणेकडच्या एका लहानशा किनाऱ्यावर गेलो. तिथून होडीनं आत जाऊन, डोळ्यांना काचा लावून पाण्याखालचे रंगीत मासे बघायचे होते. धाकटी मैत्री माझा पदर ओढत म्हणाली, "आजी, तू पण चल की!"

"मला न्हाय बाई जमायचं," मी म्हटलं. "मी उसाच्या पाटात पाय घालणारी."

संदेशनं मला एका झाडाच्या सावलीत बसवलं. "हितंच बस, आई. आमी जेवायच्या आत येतो." पाण्यात भिजायला नकोत म्हणून दोघांचे फोन माझ्याकडच्या पिशवीत ठेवले. होडीवाल्यासकट पाचजण गेले. लाटांवर वरखाली होत होडी लहान झाली आणि दिसेनाशी झाली.

जेवायची वेळ टळून गेली. ऊन गेलं, वारा सुटला, निळं पाणी करडं झालं. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या होड्या एकेक करून वर ओढल्या गेल्या. लोक पांगले. त्या दिवशी पौर्णिमा होती, तिकडे पौर्णिमेला सुट्टी असते, त्यामुळे दुकानंही बंद होती. जिथं होडीचं तिकीट घेतलं त्या टपरीलाही आता कुलूप लागलेलं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही, आणि ज्यांना फोन करायचा त्यांचे फोन माझ्याच मांडीवर. एकदा संदेशचा फोन वाजला. हॉटेलातून कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं, मला काही कळलं नाही, मी मराठीत रडत बोलले, ते त्याला कळलं नाही. फोन बंद झाला. माझं म्हणून जे काही जगात होतं, ते सगळं एका होडीत बसून गेलं होतं. तेव्हा जे एकटेपण कळलं, ते हे गेल्यावरही कळलं नव्हतं.

आमच्यात नवस नसतो, साकडं घालणं नसतं. बुद्ध होडी ओढून आणत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामुळे कुणाला हाक मारावी हेही सुचेना. चारी जणांच्या चपला मी एका ओळीत लावत होते आणि पुन्हा लावत होते.

वरच्या रस्त्यानं पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका विहाराकडे चालल्या होत्या. हातात फुलांची तबकं. आमच्याकडे पौर्णिमेला जातात तशाच. त्यातली एक थबकली. माझ्याच वयाची असेल, बारीक अंगाची, केस सगळे पिकलेले. ती बायकांना काहीतरी म्हणाली आणि एकटीच वाळूत उतरून माझ्याकडे आली. "अम्मे?" तिनं विचारलं. तेवढा शब्द मला कळला. मी समुद्राकडे हात केला, चार बोटं दाखवली, चपला दाखवल्या.

तिनं सगळं ओळखलं. किनाऱ्याच्या टोकाला कोळ्यांच्या झोपड्या होत्या तिकडे ती तरातरा गेली. तिचा चढा आवाज मला इथवर ऐकू येत होता. सणाच्या दिवशी आराम करत बसलेले दोन बाप्ये बाहेर आले, त्यांनी इंजिनाची मोठी होडी पाण्यात लोटली आणि निघाले. ती परत येऊन माझ्याजवळ वाळूत बसली. पांढऱ्याशुभ्र साडीची पर्वा केली नाही. मग तिनं समुद्राकडे बघत एक बोट वर केलं आणि तो हात स्वतःच्या छातीवर ठेवला. तिचंही कुणीतरी या पाण्यात गेलं होतं आणि परत आलं नव्हतं. नवरा की मुलगा, ते मी विचारू शकले नाही. मी नुसता तिचा हात धरला.

मग तिनं तबक वाळूत ठेवलं, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणायला लागली. पहिल्या दोन शब्दांतच माझ्या अंगावर काटा आला. ते आमचंच होतं. चाल वेगळी, लांबवत नेलेली, पण शब्द तेच, जे आमच्या विहारात म्हणतात. ती "बुद्धं सरणं गच्छामि"पर्यंत आली आणि माझा आवाज माझ्या नकळत बाहेर पडला. घोगरा, फाटका. आमच्या चालीत म्हणत मी तिच्या पुढे गेले. मला वाटलं, थांबावं, तिला पुढे होऊ द्यावं. ती मान हलवून हसली आणि माझ्या चालीत माझ्यामागून म्हणू लागली.

कितीदा म्हटलं कोण जाणे. होडी परत येऊ दे असं मी एकदाही मागितलं नाही. भीती होती तिथंच होती, समुद्रही तसाच होता. फक्त त्या भीतीत मला बसायला जागा मिळाली होती.

दोन होड्या दिसल्या तेव्हा सोमावती आधी उठली. हे तिचं नाव नंतर कळलं. पुढची कोळ्यांची, मागची दोराला बांधलेली. मी गुडघाभर पाण्यात धावले. संदेशचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मधीच इंजिन बंद पडलं, आई. वाहत चाललो हुतो," एवढंच तो बोलला आणि लहान मुलासारखा माझ्या खांद्यावर कोसळला. मैत्री कुडकुडत म्हणाली, "आजी, मी न्हाय रडले. मम्मी रडली." प्रज्ञानं वाकून सोमावतीच्या पायाला हात लावला, तर तिनं तिला उठवून अगोदर टॉवेलात गुंडाळलं. मग होडीवाल्याला असं काही फैलावर घेतलं की भाषा न कळताही आम्ही सगळे रडता रडता हसलो.

तिची पूजा आमच्यामुळे राहिली होती. ओल्या कपड्यांनीच आम्ही तिच्याबरोबर विहारात गेलो. तबकातली निळी कमळं तिनं निम्मी माझ्या ओंजळीत घातली.

कोळी एरवीही गेले असते का, होडी कुणाच्या नजरेस पडली असती का, मला सांगता यायचं नाही. मी याला चमत्कारही म्हणत नाही. पण वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं माझ्याकडे बघितलं आणि तिचे पाय थांबले. त्या थांबण्याचं ऋण मी जन्मभर मानीन.

आज कऱ्हाटीत घर तसंच रिकामं आहे. संदेश येतो, रविवारी संध्याकाळी जातो, मग भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा होतो. एकटेपण गेलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण मी आता रोज वंदनेला बसते. परवा आमच्या विहारातल्या भंतेंनी सहज समजावून सांगितलं, 'गच्छामि' म्हणजे 'मी जाते'. 'आम्ही जातो' असा त्याचा अर्थ नाही. सगळ्यांनी एकत्र बसून म्हटलं तरी प्रत्येकाला ते एकट्यानंच म्हणावं लागतं. ऐकताना मला तो किनारा आठवला. वाळूतल्या त्या बाईचं एकटेपण आणि माझं एकटेपण शेजारी शेजारी बसून गेली होती, आणि दोघींना एकाच ठिकाणी जागा झाली होती. तिथं कुणाला कुणाच्या मागून जावं लागत नाही. मी हात जोडते, डोळे मिटते, आणि जाते.