तव्यावरचं इंजिन

माझ्या नातीच्या मोटारसायकलला सीट नाही. ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी विचारलं, बसायचं कुठं. बसायचं नसतंच, म्हणाली. उभं राहून दगडधोंड्यांवरनं, चढावरनं हळूहळू न्यायची आणि पाय जमिनीला टेकला की गुण कापले जातात. ह्या खेळाला ट्रायल्स म्हणतात. टू-स्ट्रोक इंजिनाची जुनी गाडी, आणि रविवारी जोतिबाच्या पायथ्याला तिची पहिली स्पर्धा.

त्याच आठवड्यात ती अंगणात गाडी चालू करून उभी होती आणि मी मेथी निवडत होते. फटफट आवाजाच्या तळाशी एक बारीक घरघर ऐकू आली आणि माझा हात थांबला. ही घरघर माझ्या चांगल्याच ओळखीची.

लग्नानंतर आमच्या ह्यांच्याकडे अशीच एक टू-स्ट्रोक होती. ह्यांचं मंगळवार पेठेत गॅरेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचा नंबर कायम शेवटी. तिला घरघर लागली तर मी शेजारणींना सांगत सुटले, आमची गाडी आता भारदस्त वाजते. काय ते ध्यान. अंबाड्यावर गजरा, मागच्या सीटवर तिरकी बैठक आणि मान अशी, की मिरवणूकच निघाली आहे. जोतिबावरनं उतरताना बेअरिंग फुटलं आणि इंजिन जाम झालं. टाचेच्या नव्या चपला हातात, अंगभर गुलाल, अशी मी डोंगर उतरत होते आणि भेटेल त्याला सांगत होते, नवस हाय, चालतच जायचं हाय. मागनं गाडी ढकलणाऱ्या ह्यांनी ते ऐकलं. अजून ऐकवतात.

ह्यांना आता ऐकू कमी येतं. ह्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून त्याची मूठ कानाला लावली, तोंड वाकडं केलं, मग तीच मूठ माझ्या कानाला लावली. क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं बेअरिंग गेलं होतं. नातीचा चेहरा पडला. नवं बेअरिंग मिळालं, पण दुकानात ते एकच शिल्लक होतं. ते बिघडलं तर रविवार गेला.

इंजिन खोललं. ज्या ॲल्युमिनियमच्या खोक्यात बेअरिंग बसतं, त्याला गॅरेजवाले चेंबर म्हणतात. चेंबर तापवलं की त्याचं भोक फुगतं, बेअरिंग गार केलं की ते आकसतं, मग ठोकावं लागत नाही. बेअरिंग फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी गेलं. चेंबर मात्र मी पेट्रोलचा वास पार जाईपर्यंत साबणानं धुऊन घेतलं, तेव्हाच स्वयंपाकघरात येऊ दिलं. भाकरीचा मोठा तवा, त्यावर चेंबर, खाली मंद गॅस. मी बोटानं पाण्याचा थेंब टाकला. थेंब टणाटणा नाचला. नातीनं फडक्यानं धरून चेंबर लाकडी पाटावर आपटलं, तसं जुनं बेअरिंग आपोआप गळून पडलं.

तिथंच आम्ही माती खाल्ली. जुनं बेअरिंग हातात घेऊन हे त्याच्या गोळ्या नातीला दाखवत बसले. तोवर चेंबर निवलं. मी परत थेंब टाकला, तर तो नुसता चुर्र करून बसला. मी म्हटलं, पुन्हा ठेवा तव्यावर. हे म्हणाले, जाईल की. आणि नातीनं फ्रीजरमधलं नवं बेअरिंग त्यात सोडलं. ते अर्ध्यात तिरकं अडकलं.

ह्यांनी हातोडी उचलली. पूर्वीची मी असते तर हातोडी पदरानं पुसून दिली असती, वर 'ह्यांच्या हाताला काय जोर' म्हणून कौतुकानं बघत बसले असते.

"हातोडी खाली ठेवा," मी ह्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

"अगं, चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय मी."

"आणि मी भाकऱ्या थापल्यात. तवा निवल्यावर भाकरी फुगत न्हाई."

नात दोघांकडं बघत होती. गाडी तिची, रविवार तिचा. तिनं आजोबांच्या हातातली हातोडी हळूच काढून घेतली आणि गॅस पेटवला.

चेंबर तापलं तसं ते तिरकं बेअरिंग सुटून तिच्या हातातल्या फडक्यात आलं. ते पुन्हा मटाराशेजारी गेलं. ह्या वेळी कुणी गप्पा मारल्या नाहीत. थेंब नाचला, बेअरिंग सरळ सोडलं आणि तळाला जाऊन ते 'टक्' वाजलं. "बसलं," मी म्हटलं. ह्यांना ती टक् ऐकू आली नाही, पण माझं तोंड बघून ह्यांनी श्वास सोडला.

शनिवारी संध्याकाळी इंजिन जोडून गाडी चालू केली. हे आणि नात, दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, कपाळाला आठ्या घातल्या, मान हलवली. ह्यांचा चेहरा असा उतरला की विचारू नका. मग म्हटलं, "मस्त वाजतीया. भारदस्त न्हाई."

रविवारी मी आणि हे पायथ्याच्या एका दगडावर जाऊन बसलो. नातीचा पाय तीनदा टेकला. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. उतरून आली तेव्हा मातीनं माखली होती, आणि ओळखीच्या कुणीतरी विचारलं, काय पाय टेकत होतीस गं सारखी.

"नवस हाय," ती म्हणाली.

तिचं एवढं बोलणं कसं काय ऐकू आलं ह्यांना, कोण जाणे. पोट धरून हसत होते.